बाकासमोरचं दार

मालक म्हणाले, "मोठा नको हां. वीतभर बस झाला. अक्षरं फिकट राखाडी, आणि मजकूर फक्त 'विशेष कक्ष'. दुसरं काही नको, त्यांनी दोनदा बजावलंय." मी तेव्हा एका पार्किंगसाठी बाण कापत होतो. आमच्या कारखान्यात माझ्याइतके सरळ बाण कोणी कापत नाही, हे मालक स्वतः कबूल करतात, पगारवाढीचा विषय नसेल तेव्हा. जिने, लिफ्ट, पाणी, बाहेर जाण्याचा रस्ता, हा आमचा धंदा. लोकांनी कुणाला न विचारता हव्या त्या ठिकाणी पोचावं म्हणून आम्ही दिवसभर अॅक्रिलिकची धूळ खातो. त्यांनी हॉस्पिटलचं नाव सांगितलं आणि वर म्हणाले, "तू जा मापं घ्यायला. तुला ती इमारत माहितीये म्हणाला होतास ना मागे." माहितीये. मी काय म्हणणार? त्या इमारतीत माझे केस गेले, चव गेली, एक अख्खं कॉलेजचं वर्ष गेलं. मालकांना एवढंच माहीत होतं की माझं कुणीतरी तिथे असायचं. कुणीतरी म्हणजे मीच, हे सांगायचं राहून गेलं. ते सांगितलं की लोक आवाज खाली आणतात आणि जड वस्तू उचलू देत नाहीत, म्हणून मी ते सांगायचं सोडून दिलंय.

तिसऱ्या मजल्यावरचा तो लांब बोळ तसाच होता. फिनेलचा वास तोच, आणि त्या वासानं तोंडात पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. पाच वर्षं झाली तरी शरीर काही विसरत नाही, मेलं. बाकही तेच. रेक्झिन फाटलेलं, आतला पिवळा स्पंज कुणीतरी बोटानं टोकरून काढलेला. त्या टोकरण्यात माझाही हातभार आहे. केमोच्या दिवशी सकाळी येऊन ह्याच बाकावर बसायचं, नंबर येईपर्यंत समोरच्या दाराकडे बघत राहायचं. दारावर नुसता आकडा, नाव नाही. मी धरून चाललो होतो की झाडू-बादल्यांची खोली असणार. पाय लांब करून मी बुटांचे तळवे त्या दाराला टेकवायचो, म्हणजे पाठीला जरा बरं वाटायचं. आई म्हणायची, "अरे पाय काढ, कुणी बाहेर येईल." मी म्हणायचो, "झाडू काय बाहेर येणारेत?" आता त्याच दाराला टेप लावून मी माप घेत होतो. दार उघडलं आणि पांढऱ्या कोटातली एक बाई बाहेर आली. "बोर्डवाले ना? बरं झालं आलात. पुढच्या आठवड्यात तपासणीवाले येतायत, प्रत्येक दाराला नाव पाहिजे म्हणतात." मी सहज, कारागीर विचारतो तसं विचारलं, "आत काय असतं?" तिनं मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि भाजीचा भाव सांगावा तशा सुरात म्हणाली, "वीर्य गोठवून ठेवतो आम्ही. तरुण पेशंटांचं. केमो सुरू व्हायच्या आधी. नंतर बऱ्याच जणांचं काही उरत नाही ना."

टेप माझ्या हातून सुटली आणि सर्रकन आत जाताना बोट कापून गेली. "लागलं का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही. मग विचारलं, हे कधीपासून आहे. "मी लागले त्याच्या आधीपासून. सात-आठ वर्षं तरी झाली असतील." आणि बोर्ड आत्ता? "नव्हताच कधी. लोकांना लाजल्यासारखं होतं म्हणून वरूनच सांगितलेलं, नाव नको. आता लावायचाच आहे तर 'विशेष कक्ष' लावा म्हणाले." मी म्हटलं, "मग पोरांना कळतं कसं?" ती म्हणाली, "डॉक्टर सांगतात की. पोराला, नाहीतर घरच्यांना. अर्ध्या तासाचं काम असतं हो सगळं. पण काहींचे वडील दारापर्यंत येतात, आकडा बघतात आणि परत जातात. दाराखाली सावली दिसते ना मला, येते आणि जाते." मग तिचा फोन वाजला आणि ती आत गेली. मी बाकावर बसलो. अर्ध्या तासाचं काम. माझे पाय त्या दाराला टेकलेले असायचे, आणि आत ती बाई बसलेली असायची.

सहा महिन्यांपूर्वी एका नव्या डॉक्टरनं माझा रिपोर्ट बघून मला सांगितलं होतं की मूल होणं शक्य नाही. "उपचारांचा परिणाम, असं होतं," तो म्हणाला. आणि मी ते मान्य केलं होतं. जीव वाचला त्याची किंमत, असं स्वतःला समजावलं होतं. कुणावर खापर फोडायचं? रोगावर फोडलं. चष्मेवालीलाही तसंच सांगितलं. आमच्या कारखान्याच्या गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान आहे, तिथे ती डोळे तपासते, म्हणून मी तिला चष्मेवाली म्हणायचो आणि ती मला बाण म्हणायची. "काय बाण, आज कुणाला वाट दाखवली?" लग्नाचं जवळपास ठरलं होतं. तिनं ऐकून घेतलं, माझा हात धरला, एक महिना खूप प्रेमानं वागली आणि मग म्हणाली, "मी वाईट आहे असं समज, पण मला नाही जमणार रे. मला पोरं हवीत. स्वतःची." मी तिला वाईट समजलो नाही. वाईट समजता आलं असतं तर जरा सोपं गेलं असतं. आता मी जेवणाच्या सुट्टीत मागच्या गेटनं जातो.

ह्या सगळ्यात मला कुणीच काही सांगितलं नव्हतं असं नाही. सांगायला सगळे टपलेलेच होते. वीस वर्षांच्या माणसाला कॅन्सर झाला की तो कुठल्याच कप्प्यात बसत नाही. लहान मुलांच्या वॉर्डात भिंतीवर हत्ती आणि जिराफ, तिथली सिस्टर मला म्हणाली, "तू मोठा आहेस रे, खाली जा." खाली मोठ्यांच्या वॉर्डात माझ्या एका बाजूला खोकणारे आजोबा आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्याहून म्हातारे आजोबा. "एवढासा जीव," असं माझ्याकडे बघून बायका म्हणायच्या, आणि मला दाढी होती, म्हणजे होती तोवर होती. माहितीपत्रकांचा एक स्टँड होता. लहानांच्या पत्रकात अस्वल होतं, मोठ्यांच्या पत्रकात लिहिलेलं की रोज थोडं चाला आणि नातवंडांसोबत वेळ घालवा. आम्ही दोघं, म्हणजे मी आणि बाबा, ते वाचून पोट धरधरून हसलो होतो. "आण बाबा नातवंडं," बाबा म्हणाले होते. हे मला आत्ता, त्या बाकावर बसल्यावर आठवलं. मदतीसाठी एक फोन नंबर होता, मी लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "पेशंट आपले कोण?" मी म्हटलं, मीच. त्यावर त्या म्हणाल्या, "घरात कुणी मोठं आहे का? त्यांना द्या ना फोन." मी बाबांना दिला. इंटरनेटवर कुणाच्या तरी मावसभावाचा कॅन्सर कसल्याशा पानांच्या रसानं गेला होता. रस मला डझनभर लोकांनी सांगितले. वीर्याबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही.

आणि डॉक्टर. माझे तेव्हाचे डॉक्टर मला 'चॅम्पियन' म्हणायचे आणि बोलायचे बाबांशी. गाठ माझ्या मानेत, सुई माझ्या हातात, आणि प्रश्न बाबांना, "झोप लागते का त्याला?" मी तिथेच बसलेला असायचो. केमो सुरू व्हायच्या आधी एकदा ते मला म्हणाले, "चॅम्पियन, तू जरा बाहेर बस, बाबांशी दोन शब्द बोलायचेत." मला वाटलं, हे माझ्या मरण्याबद्दल आहे. ह्याच बाकावर बसून मी स्पंज टोकरत होतो. बाबा बाहेर आले ते लाल होऊन, कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल. मला वाटलं रडलेत. "सगळं ठीक आहे, चल, काहीतरी खाऊन घेऊ," म्हणाले.

त्या संध्याकाळची गोष्ट मी पाच वर्षं जपून ठेवली होती. चष्मेवालीला मी ती दोनदा सांगितली, आणि दुसऱ्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाबा म्हणजे अंगाला हात न लावणारा माणूस. शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, नववीत मी त्यांच्याच वर्गात होतो, वर्गात त्यांना 'सर' म्हणायचो आणि घरीही अधूनमधून तोंडातून तेच निघायचं. तर त्या संध्याकाळी ते मला स्कूटरवर बसवून तळ्याकाठी घेऊन गेले. आइस्क्रीम घेतलं. आम्ही कठड्यावर बसलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला नाही. "तुला काही हवंय का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मग म्हणाले, "पुढचं आयुष्य फार मोठं असतं, आत्ता कळत नाही." मग स्कूटरच्या ब्रेकबद्दल बोलायला लागले. मागचा ब्रेक कसा नरम झालाय, वायर कशी ओढून घ्यावी लागते, नवी वायर घालावी की जुनीच कापून वापरावी. त्यांचं आइस्क्रीम वितळून मनगटावर ओघळलं तरी ते ब्रेकवरच बोलत होते. मी त्या खांद्यावरच्या हाताच्या जोरावर केमोचे सगळे महिने काढले. उलट्या व्हायच्या तेव्हा मी तळं आठवायचो. बाबांना शब्द सापडत नाहीत पण त्यांचं आपल्यावर किती आहे बघ, असं मनाशी म्हणायचो.

रविवारी दुपारी विचारलं. बाबा आता निवृत्त झालेत, खिडकीशी बसून कुंड्यांतल्या झाडांची पिवळी पानं काढत असतात. आई आत गॅसवर दूध तापवत होती. मी आडवळणानं बोलायचं ठरवून आलो होतो, पण तोंड उघडल्यावर सरळच निघालं. "बाबा, डॉक्टरांनी मला बाहेर बसवून तुम्हाला काय सांगितलं होतं?" त्यांच्या हातातलं पान हातातच राहिलं. "कधी?" "तुम्हाला माहितीये कधी." कानाच्या पाळ्या लाल झाल्या, तशाच. तेव्हाच मला कळलं, आणि तरी वाटत होतं की त्यांनी नाही म्हणावं. खोटं का होईना, नाही म्हणावं. ते म्हणाले, "केमोला दोन दिवस आहेत म्हणाले होते. मुलाशी बोला म्हणाले. मी म्हटलं बोलतो."

"मग?"

"मग तुला घेऊन गेलो की तळ्यावर." ते खिडकीबाहेर बघत बोलत होते. "तेच सांगायला नेलं होतं. दोन-तीनदा अगदी ओठांवर आलं. पण तू आइस्क्रीम खात होतास. बऱ्याच दिवसांनी काहीतरी आवडीनं खात होतास. म्हटलं, आत्ता ह्याला काय सांगू, की त्या खोलीत जा आणि..." पुढचा शब्द त्यांना आजही बोलता आला नाही. "दुसऱ्या दिवशी दारापर्यंत जाऊन आलो एकदा. एकटाच. आत बाई होती. मग म्हटलं, आधी जीव तर वाचू दे. पोरगा जगतो की नाही ह्याचा पत्ता नाही, आणि नातवंडांचं कसलं बोलायचं."

म्हणजे तो हात. खांद्यावरचा. तो मायेचा नव्हता असं मी म्हणणार नाही, मायेचाही असेल. पण माझ्याकडे तेवढंच एक होतं, आणि तेही बघता बघता नासलं. ब्रेकची वायर, मनगटावरचं आइस्क्रीम, तळं, सगळं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला एकदम नववीचा वर्ग आठवला. पुनरुत्पादनाच्या धड्यापाशी आल्यावर बाबांनी पुस्तक मिटलं होतं आणि फळ्याकडे तोंड करून म्हणाले होते, हा धडा सोपा आहे, घरी वाचा. मागच्या बाकांवर खसखस पिकली होती. मधल्या सुट्टीत पोरं मला म्हणाली, "काय रे, तू घरी वाचलास का?" मी हसलो होतो. आता हसू आलं नाही. "तुम्ही मलाही घरीच वाचायला सांगितलंत, सर," मी म्हणालो. मुद्दाम सर म्हणालो. त्यांनी हातातलं पान कुंडीत परत ठेवलं, जणू ते पुन्हा चिकटणार होतं. "मला कळलं नाही रे कसं सांगायचं," ते म्हणाले. पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेला माणूस. दूध उतू गेल्याचा वास आला आणि गॅस बंद केल्याचा आवाज. आई दारात येऊन उभी राहिली. तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं, हे तिच्याकडे बघूनच कळलं. "मला तरी सांगायचं," ती बाबांना म्हणाली, अगदी हळू. "मी सांगितलं असतं त्याला. मी त्याचे लंगोट धुतलेत, मला कसली लाज?" ती परत आत गेली आणि शेगडी पुसायला लागली. बराच वेळ पुसत होती.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी बोर्ड कापला. हातभर लांब, पांढऱ्यावर काळी ठसठशीत अक्षरं, बोळाच्या त्या टोकावरून वाचता येतील अशी: 'वीर्य जतन कक्ष. केमोच्या आधी इथे या.' खाली बाण. आयुष्यात एवढा सरळ बाण मी कापला नव्हता. मालक चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले आणि त्यांना ठसकाच लागला. "अरे ए! डोकं फिरलंय का तुझं? ऑर्डर काय, तू केलंस काय? हे हॉस्पिटलात लावणार? बायका-माणसं बसतात तिथे!" मी म्हटलं, "हॉस्पिटलच आहे ना, देऊळ तर नाही." "मला शिकवू नकोस. गपचूप लहान काप, आणि हे तुकडे कचऱ्यात टाक, कुणी बघायच्या आत." मालक वाईट माणूस नाही. त्यांचेही कान लाल झाले होते. मी मूग गिळून वीतभर तुकडा कापला. फिकट राखाडी अक्षरं चिकटवली. 'विशेष कक्ष'. तीन हातांवरून वाचता येत नाही असं देखणं काम.

लावायला गेलो तेव्हा बाकावर एक जण पाय लांब करून बसला होता, बुटांचे तळवे दाराला टेकवून. असेल एकोणीस-वीसचा. कानात गाणी, मानेवर पट्टी. शेजारी दोन बायका पिशव्या मांडीवर घेऊन त्याच्याकडे 'एवढासा जीव' अशा नजरेनं बघत होत्या. मी म्हटलं, "पाय काढतोस जरा?" त्यानं काढले. मी भोकं पाडली, बोर्ड लावला. त्यानं पुढे वाकून, डोळे बारीक करून वाचलं. "विशेष कक्ष. म्हणजे काय, बड्या लोकांना वेगळी सुई असते का?" मला हसू आलं. मी विचारलं, "कुणाबरोबर आलायस?" "बाबा आत आहेत डॉक्टरांकडे. मला बाहेर बसवलंय." "केमो कधीपासून?" "परवा." आणि मला सांगायचं होतं. शब्द तयार होता, आदल्या दिवशी मी तो काळ्या अक्षरांत हातभर कापला होता. पण बायका बघत होत्या. माझे कान तापले, अगदी पाळ्यांपर्यंत, आणि मी ऐकलं की मी त्याला स्क्रूबद्दल सांगतोय. लाकडाच्या दाराला कुठला स्क्रू लागतो, भिंतीत आधी प्लग कसा ठोकावा लागतो, ड्रिलचं पातं बोथट झालं की कसा जळका वास येतो. पोरगा सभ्य होता, मान डोलवत होता. मी बोलतच होतो. आवाज माझा होता, पण बोलत बाबा होते, तळ्याकाठी बसून.

डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा मी थांबलो. ड्रिल बाकावर ठेवलं. "ऐक," मी म्हटलं, आणि मग सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, हळू बोलायला लागलो असतो तर पुन्हा स्क्रूवर गेलो असतो. "ह्या खोलीत वीर्य साठवून ठेवतात. केमोनंतर तुला कदाचित मूल होणार नाही. आज आत गेलास तर पुढे होऊ शकेल. अर्ध्या तासाचं काम आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं." एका बाईंच्या मांडीवरची पिशवी खाली पडली. पोरानं कानातून गाणी काढली. तो माझ्याकडे बघत राहिला, मग दाराकडे. त्याचे वडील बोळातून येत होते. चेहरा मी ओळखला, आणि लाल कानही. "सगळं ठीक आहे," ते लांबूनच म्हणाले, "चल, काहीतरी खाऊन घेऊ."

"बाबा," पोरगा म्हणाला, "डॉक्टरांनी ह्या खोलीचं सांगितलं का तुम्हाला?"

ते जागच्या जागी थांबले. त्यांनी बोर्डकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, आणि मग सगळा राग माझ्यावर काढायला वळले. "तुम्ही कोण हो? तुमचा काय संबंध?"

"मी बोर्डवाला," मी म्हणालो. त्या दाराआड माझं काहीही ठेवलेलं नव्हतं. मी हात उचलला आणि दार वाजवलं.